रेशनच्या रांगेबाहेरचे लाभार्थी

दिवाळीच्या आगेमागे विदर्भात कापूस वेचणीला येतो, मराठवाड्यात सोयाबीनची काढणी उरकत आलेली असते, आणि पारावर, चहाच्या टपरीवर, बाजार समितीच्या आवारात एक तक्रार हमखास कानावर पडते. सरकारने फुकट धान्य वाटून मजुरांना आळशी केले, आता रोज वाढवून दिला तरी माणूस मिळत नाही. ही तक्रार करणारा शेतकरी खोटे बोलत नसतो. वेचणीला बाया वेळेवर मिळाल्या नाहीत आणि अवकाळी पाऊस आला, तर बोंडातला कापूस भिजतो आणि भाव पडतो. त्याची अडचण खरी आहे. पण तिचे खापर रेशनवर फोडताना साधा हिशेब कुणी मांडत नाही. रेशनवर प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळते, म्हणजे दिवसाला सुमारे १६५ ग्रॅम. तेवढ्या पिठाच्या चार-पाच पोळ्या होतात. तेल, डाळ, गॅस, दवाखाना, मुलांच्या वह्या यांतले काहीही त्यातून निघत नाही. एवढ्या धान्यावर कोणतेही कुटुंब वर्षभर घरी बसून राहू शकत नाही.

त्या धान्याने एक गोष्ट मात्र होते. घरात पंधरा दिवसांचे दाणे असले की उद्याच्या उद्या, मिळेल त्या रोजावर, सांगेल त्या रानात जाण्याची सक्ती थोडी सैल होते. बाई दोन ठिकाणी विचारते. जिथे दहा रुपये जास्त मिळतात तिथे जाते. अमेरिकेतील विद्यापीठांत काम करणारे अर्थतज्ज्ञ आदित्य श्रीनिवास, कॅथी बेलिस आणि बेंजामिन क्रॉस्ट यांनी भारतातील आठ राज्यांच्या आकडेवारीवरून अन्नसुरक्षा कायद्यानंतर वाढलेल्या धान्याचा परिणाम तपासला. जिथे धान्य वाढले तिथे मुलांची उंची खुंटण्याचे प्रमाण घटले, आणि सुमारे १८ लाख मुले खुंटण्यापासून वाचली असा त्यांचा अंदाज आहे. त्याच अभ्यासात मजुरीचे उत्पन्नही वाढलेले दिसले. ज्याला पारावर आळस म्हटले जाते, त्यात मजुराला आलेली घासाघीस करण्याची थोडीशी ताकद आहे. कापूस उत्पादकाचे दुखणे कापसाच्या भावात आणि वाढत्या उत्पादन खर्चात आहे. मजुराचे पोट रिकामे ठेवून ते बरे होणार नाही.

तेव्हा सरकारी अन्नयोजनांचा खरा फायदा कुणाला होतो, हा प्रश्न विचारायचाच असेल तर तो रांगेतल्या बाईपाशी थांबवून चालणार नाही. तो गोदामापर्यंत, गिरणीपर्यंत आणि मंत्रालयापर्यंत न्यावा लागेल.

पसारा केवढा आहे ते आधी पाहू. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने देशातील सुमारे ८१ कोटी ३५ लाख लोकांना धान्याचा हक्क दिला. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले सुमारे ७ कोटी आले. अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो आणि प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये, भरडधान्य १ रुपया असे दर कायद्यात होते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. केंद्राचे अन्न अनुदान अलीकडे वर्षाला दोन लाख कोटी रुपयांच्या घरात आहे. एवढा पैसा गरिबांवर उधळला जातो, असे अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशी दरवर्षी कुठे ना कुठे लिहिले जाते.

पण तो गरिबाच्या हातात जात नाही. भारतीय अन्न महामंडळाला एक किलो तांदूळ सुमारे ४० रुपयांना पडतो. २०२४-२५ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता आणि एका क्विंटल भातापासून ६७ किलो तांदूळ धरला जातो. म्हणजे किलोमागे सुमारे ३४ रुपये मुळात भाताच्या खरेदीचेच झाले. गव्हाचेही तसेच. त्या वर्षी किलोला २२ रुपये ७५ पैसे हमीभाव, आणि दुकानापर्यंतचा खर्च धरून सुमारे २७-२८ रुपये. रोख रुपयांत मोजले तर या योजनेचा सर्वांत मोठा लाभार्थी तिला धान्य विकणारा शेतकरी आहे. यात गैर काही नाही. सरकारने शेतकऱ्याकडून ठरलेल्या भावाने घ्यावे आणि ते भुकेल्याच्या घरी पोचवावे, हा या व्यवस्थेचा पायाच आहे.

कोणता शेतकरी, हा प्रश्न मात्र महाराष्ट्राने विचारलाच पाहिजे. केंद्राने नेमलेल्या शांताकुमार समितीने जानेवारी २०१५ मध्ये दिलेल्या अहवालात म्हटले होते की, सरकारी यंत्रणांना हमीभावाने माल विकू शकणारे शेतकरी देशात जेमतेम ६ टक्के आहेत. पंजाब-हरयाणातला गहू आणि भात जवळपास सगळा सरकार उचलते, त्यावर अडत, बाजार शुल्क, ग्रामीण विकास निधी असे थर चढतात आणि ते सगळे अन्न अनुदानाच्या खात्यात पडतात. महाराष्ट्रात गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीच्या जिल्ह्यांत पणन महासंघ आणि आदिवासी विकास महामंडळ भात खरेदी करतात. तेवढे सोडले तर मराठवाड्याच्या ज्वारीवाल्याला, लातूरच्या तूरवाल्याला, सातारा-सोलापूरच्या बाजरीवाल्याला रेशनच्या खरेदीतून फार काही मिळत नाही. रेशनवर त्याच्या घरी पंजाबचा गहू येतो आणि त्याची ज्वारी व्यापारी मागेल त्या भावाला जाते. भरडधान्याची तरतूद कायद्यात पहिल्या दिवसापासून आहे. ती बारा वर्षांत पुरेशी वापरली गेली नाही, ही महाराष्ट्राच्या शेतकऱ्याची आणि खाणाऱ्याची दोघांचीही फसवणूक आहे.

शेत आणि दुकान यांच्यामध्ये गिरणी लागते. सरकारी भाताच्या भरडाईचा केंद्राचा दर वर्षानुवर्षे क्विंटलला १० रुपये राहिला. हा दर परवडत नाही, असे गिरणीवाले म्हणतात आणि राज्ये त्यात भर घालतात. पण कोंडा, कणी आणि तूस गिरणीतच राहते, आणि कोंड्याला तेलासाठी चांगला भाव आहे. महालेखापरीक्षकांनी २०१५ च्या अहवालात दाखवून दिले की, या उपउत्पादनांची किंमत हिशेबात न धरल्यामुळे काही राज्यांतील गिरण्यांना ३,७४३ कोटी रुपयांचा अवाजवी फायदा झाला. २०२० मध्ये, करोनाच्या काळात, गोंदियाला लागून असलेल्या बालाघाट आणि शेजारच्या मंडला जिल्ह्यात केंद्राच्या पथकाने रेशनच्या तांदळाचे नमुने तपासले. तो तांदूळ माणसांना देण्याच्या लायकीचा नव्हता, जनावरांना आणि कोंबड्यांना घालण्याच्या प्रतीचा होता. चांगल्या भाताचा चांगला तांदूळ कुठेतरी दुसऱ्याच बाजारात गेला असणार. अशा प्रकरणांत गुन्हे दाखल होतात, गिरण्या सील होतात, आणि बातमी पाचव्या पानावर जाते. रेशनचा तांदूळ दहा-पंधरा रुपये किलोने विकणाऱ्या बाईची बातमी मात्र पहिल्या पानावर येते.

ती बाई तांदूळ का विकते, हे तिच्या चुलीपाशी बसल्याशिवाय कळत नाही. भाकरी खाणाऱ्या घरात जाडा तांदूळ महिनाभर संपत नाही, आणि तेलाची पिशवी आणायला हातात पैसे नसतात. जे खाता येते ते मिळाले असते, तर तिने ते विकले नसते.

मधल्या गळतीचे काय, असे कोणी विचारील. गळती होती आणि आहे. नमुना पाहणीवरून काढलेल्या अंदाजांनुसार २००४-०५ मध्ये निम्म्याहून अधिक धान्य घरांपर्यंत पोचत नव्हते. अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि रीतिका खेरा यांच्या हिशेबाने २०११-१२ मध्ये ते प्रमाण ४२ टक्क्यांच्या आसपास आले. २०२२-२३ च्या पाहणीवरून अर्थतज्ज्ञ अशोक गुलाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेला आकडा २८ टक्के आहे. पद्धती वेगळ्या असल्या तरी दिशा स्पष्ट आहे. सर्वांत लक्षणीय बदल छत्तीसगडने केला. २००४ मध्ये तिथल्या सरकारने दुकाने खासगी दुकानदारांकडून काढून ग्रामपंचायती, बचत गट आणि सहकारी संस्थांकडे दिली, पुढे लाभार्थ्यांची संख्या वाढवली, आणि पाच वर्षांत गळती ५२ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आली. जेव्हा गावातल्या बहुतेक घरांचा धान्यावर हक्क असतो, तेव्हा गोणी गायब झाली की सगळे गाव बोलते. हक्क दहा घरांपुरता असला की त्या दहा घरांचा आवाज तहसीलपर्यंत जात नाही.

दुकानदाराला खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि काही दुकानदारांनी ती उपाधी कमावलेलीही आहे. पण त्याचेही गणित पाहायला हवे. महाराष्ट्रात त्याचे मार्जिन २०२५ मध्ये क्विंटलला १५० रुपयांवरून १७० रुपये झाले. शंभर क्विंटल धान्य वाटणाऱ्या दुकानाला महिन्याला १७ हजार मिळतात. त्यात भाडे, वीज, मदतनिसाचा पगार आणि तुटीची भरपाई बसवायची, वर सर्व्हर बंद पडला की शिव्या खायच्या. एवढ्या कमी पैशांत चालणारे दुकान प्रामाणिक राहावे अशी अपेक्षा ठेवणे, हे धोरणाचेच अपयश आहे.

अन्नयोजनांतला पैसा या सगळ्यांपेक्षा वेगळ्या ठिकाणीही मुरतो, आणि त्याचा सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राच्या अंगणवाड्यांत आहे.

१९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून अधिक मुले दगावली. पाठोपाठ मेळघाटचे बालमृत्यू गाजले. मंत्र्यांचे दौरे झाले, समित्या नेमल्या गेल्या, पोषण आहाराचा निधी वाढत गेला. एकात्मिक बालविकास योजना १९७५ पासून होतीच. तिच्या अंगणवाडीतून तीन वर्षांखालच्या मुलांना, गरोदर आणि स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार मिळतो. ७ ऑक्टोबर २००४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट आदेश दिला की, अंगणवाडीच्या आहारासाठी ठेकेदार वापरायचा नाही, तो गावातल्या महिला मंडळांकडून आणि बचत गटांकडून घ्यावा. आदेशामागचा विचार सरळ होता. आहार गावात शिजला तर ताजा राहील, पैसा गावातल्या बायांना मिळेल, आणि निकृष्ट निघाला तर जाब विचारायला माणूस समोर असेल.

महाराष्ट्रात उलट झाले. कागदावर महिला मंडळे आली, आणि त्यांच्या आडून मोठ्या कारखान्यांची पाकिटे जिल्ह्याजिल्ह्यांत पोचू लागली. अन्नहक्काच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या आयुक्तांच्या कार्यालयाने २०१२ मध्ये हे साटेलोटे उघडकीस आणले. तरीही २०१६ मध्ये नव्या निविदा निघाल्या, आणि त्यांत यंत्रसामग्रीच्या अशा अटी होत्या की गावातला बचत गट दारातूनच परत जावा. बचत गट न्यायालयात गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अटी आणि सुमारे ६,३०० कोटी रुपयांची ती कंत्राटे रद्द केली. मधल्या पंधरा वर्षांत आदिवासी पाड्यांवरच्या आया ती पाकिटे घेत होत्या. मुलांनी तोंड फिरवले की त्यांतले बरेचसे कोंबड्या-बकऱ्यांपुढे जायचे. सरकारी अहवालात त्याची नोंद ‘लाभ दिला’ अशीच होत राहिली. कुपोषित मुलाच्या नावाने मंजूर झालेला पैसा खाणे, याहून नीच चोरी महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात शोधून सापडणार नाही.

याच राज्याने दुसरा रस्ताही करून दाखवला आहे, हे विसरता कामा नये. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१५ पासून आदिवासी भागांतील गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पूर्ण गरम जेवण मिळते, मुलांना अंडी किंवा केळी मिळतात. स्वयंपाक गावात होतो. निधी वेळेवर आला नाही तर अंगणवाडी सेविका किराणा दुकानात उधारी करते. योजनेचे बळ आणि तिचे दुबळेपण, दोन्ही त्या उधारीच्या वहीत दिसते. शालेय पोषण आहाराचेही तेच. शाळेत रोज खिचडी शिजवणाऱ्या बाईचे मानधन केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपये ठरवले आणि मग ते वाढवणे सोडून दिले. राज्याने भर घातली तरी ती रक्कम अडीच हजारांच्या आसपास आहे, तीही वर्षातून दहा महिने. ज्यांच्या कष्टांवर या योजना उभ्या आहेत त्यांच्यासाठी तिजोरीत पैसा नाही, आणि पाकिटासाठी हजारो कोटी निघतात.

राजकारण्यांचा लाभ रुपयांत मोजता येत नाही, पण तोही आहे. १९९५ मध्ये एक रुपयात झुणका-भाकर आली. मोक्याच्या जागांवर केंद्रे उभी राहिली. २००० मध्ये योजना बंद झाली, झुणका गेला, भाकर गेली, पण बऱ्याच शहरांत ते स्टॉल चालवणाऱ्यांकडेच राहिले आणि तिथे वडापाव, चायनीज विकले जाऊ लागले. २०२२ च्या दिवाळीत ‘आनंदाचा शिधा’ आला. शंभर रुपयांत रवा, साखर, चणाडाळ आणि पामतेल. पिशवीवर नेत्यांची छायाचित्रे होती. अनेक गावांत दिवाळीआधी चारही जिन्नस एकत्र पोचले नाहीत. त्यानंतर पाडवा, आंबेडकर जयंती, गणपती, अयोध्येचा सोहळा अशा निमित्तांनी शिधा वाटला गेला, आणि २०२५ च्या दिवाळीत पैसे नाहीत म्हणून तो मिळाला नाही. कायद्याने दिलेले धान्य आणि सणाची भेट यांत हाच फरक आहे. भेट देणाऱ्याच्या सोयीने येते आणि त्याच्याच सोयीने थांबते. शिवभोजन थाळी त्या मानाने चांगली योजना होती. २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात मिळू लागला, करोनाच्या दुसऱ्या लाटेत ती मोफत झाली, आणि हमालांनी, दवाखान्यात आलेल्या नातेवाइकांनी, परीक्षेसाठी शहरात राहणाऱ्या मुलांनी ती खाल्ली. तिचे अनुदान थकू लागल्यावर केंद्रचालकांना गॅस-किराण्याचा खर्च पदरमोड करून भागवावा लागला.

‘मोफत’ या घोषणेचाही हिशेब मांडायला हवा, कारण तो फार थोड्या लोकांनी मांडला. एप्रिल २०२० पासून पंतप्रधान गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो जादा धान्य फुकट मिळू लागले. मधले काही महिने सोडले तर ते डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. त्या काळात पाच माणसांच्या प्राधान्य कुटुंबाला २५ किलो नेहमीचे, त्यासाठी पन्नास-पाऊणशे रुपये, आणि २५ किलो जादाचे फुकट, असे ५० किलो धान्य मिळत होते. जानेवारी २०२३ मध्ये जादाचे बंद झाले आणि नेहमीचे मोफत झाले. घराचे पन्नास-पाऊणशे रुपये वाचले आणि २५ किलो धान्य गेले. तेवढे धान्य बाजारातून आणायचे तर किमान सहाशे रुपये लागतात. त्या एका निर्णयाने सरकारी खर्चात मोठी बचत झाली, पण जाहिरातींत दिसली ती फक्त मोफत धान्याची पिशवी. मोफत धान्य पाच वर्षे चालेल आणि त्यावर ११ लाख ८० हजार कोटी खर्च होतील, हे नंतर अभिमानाने सांगितले गेले. त्या घोषणेने ताटातली एकही पोळी वाढली नाही.

आता ज्यांना काहीच मिळत नाही त्यांच्याकडे वळू, कारण या विषयाचे मर्म तिथे आहे.

महाराष्ट्रात प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ४४ हजार रुपये आहे, शहरात ५९ हजार. कायदा लागू झाला तेव्हाची ही मर्यादा आहे. २०२५-२६ मध्ये रोजगार हमीवरची रोजी ३१२ रुपये होती. म्हणजे घरातल्या एकाच माणसाने वर्षात १४२ दिवस रोहयोच्या दराने काम केले की ते सबंध कुटुंब मर्यादेच्या वर जाते. मुंबईत महिन्याला पाच हजार मिळवणारे घर अन्नसुरक्षेतून बाहेर पडते. या आकड्यांवर बोट ठेवून अपात्र लाभार्थी शोधण्याची मोहीम काढणे म्हणजे कष्ट करणाऱ्याला कष्टांची शिक्षा करणे आहे. दुसरी मर्यादा जनगणनेची. कायद्याने ग्रामीण भागातील ७५ टक्के आणि शहरी भागातील ५० टक्के लोकसंख्येला छत्र दिले, पण मोजमाप २०११ च्या जनगणनेचे. २०२१ ची जनगणना झाली नाही. त्यामुळे दहा कोटींहून अधिक लोक देशभरात या हक्काबाहेर राहिले, असा द्रेझ आणि खेरा यांचा अंदाज आहे. महाराष्ट्राचा कोटा तेव्हापासून सात कोटींवर थांबलेला आहे. नव्या सुनेचे, नव्या बाळाचे नाव कार्डावर चढवायला गेले की ‘इष्टांक पूर्ण झाला’ हे उत्तर मिळते.

तिसरी अडचण अंगठ्याची. ऊस तोडून, विटा थापून, भांडी घासून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या त्यांचाच अंगठा रेशन दुकानातल्या पॉस मशीनवर लागत नाही. झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात २०१७ मध्ये अकरा वर्षांची मुलगी घरात दाणा नसताना मेली. तिच्या कुटुंबाचे कार्ड आधारला जोडलेले नाही म्हणून रद्द झाले होते. त्या वेळी देशभर हळहळ व्यक्त झाली, तरी केवायसीची मुदत आणि नाव कापण्याची धमकी अजूनही दर काही महिन्यांनी येते. गिरणीवाल्याला आपल्या कोंड्याचा हिशेब असा अंगठा लावून द्यावा लागत नाही.

धान्याऐवजी रोख द्या, असा सल्ला देणाऱ्यांनी मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा या चौदा जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना विचारावे. शेतकरी आत्महत्यांमुळे त्यांना २०१५ पासून सवलतीचे धान्य मिळत होते. २०२२ मध्ये केंद्राकडून त्यासाठी गहू-तांदूळ मिळणे थांबले. २०२३ पासून माणशी दरमहा १५० रुपये सुरू झाले, पुढे ते १७० झाले. ५ किलो गहू बाजारात घ्यायचा तर एवढे पैसे जेमतेम पुरतात, आणि हप्ता महिनोन्महिने येत नाही तेव्हा तेही नसतात. धान्याचा भाव वाढला तर रेशनच्या पाच किलोंचे पाच किलोच राहतात. रोख रकमेचे तसे होत नाही.

एक चांगली गोष्ट नोंदवली पाहिजे. ऑगस्ट २०१९ मध्ये महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण या जोड्यांपासून ‘एक देश, एक रेशनकार्ड’ची सुरुवात झाली, आणि आज कुठल्याही गावात धान्य उचलता येते. बीडहून कोल्हापूर-सांगलीच्या फडात गेलेल्या कोयत्याला, म्हणजे ऊसतोड जोडप्याला, याचा खरा उपयोग आहे. पण फडापासून दुकान किती लांब, तिथल्या दुकानदाराकडे जादा धान्य आहे का, दिवसभर मोळ्या बांधून सुटी कधी काढायची, ही कोडी कारखान्यांनी सोडवायला हवीत. कोयत्याला मिळणारा दर कमी असूनही त्याचे घर चालते, कारण त्याच्या घरातला काही गहू सरकार भरते. कमी मजुरी देणाऱ्या प्रत्येक मालकाला या योजनेतून न मागता मदत मिळत असते. त्यामुळे रेशनच्या रांगेला नावे ठेवण्याचा सर्वांत कमी अधिकार त्यालाच आहे.

करायचे काय, ते अवघड नाही. तमिळनाडूने रेशन सर्वांसाठी खुले ठेवले आणि वर्षानुवर्षे चालवून दाखवले. महाराष्ट्राने निदान पालघर, नंदुरबार, गडचिरोली आणि मेळघाटच्या तालुक्यांत उत्पन्नाची अट काढून टाकावी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातील पाच वर्षांखालची ३५ टक्के मुले खुंटलेली आढळली. फक्त गहू-तांदूळ वाटून ही मुले वाढणार नाहीत. ज्वारी-बाजरी-नाचणी आणि तूर राज्यातच खरेदी करून रेशनवर आणावी, ४४ हजारांची मर्यादा आजच्या मजुरीला जोडावी, आणि आहाराची कंत्राटे कुणाला, किती दराने दिली याची यादी प्रत्येक अंगणवाडीच्या भिंतीवर लावावी.

वाचकांना एक विनंती. अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक रास्त भाव दुकानासाठी दक्षता समिती बंधनकारक केली आहे, आणि दुकानाचे दप्तर नागरिकांसाठी खुले ठेवले आहे. तुमच्या गावातल्या किंवा वॉर्डातल्या समितीत कोण आहे, तिची बैठक शेवटची कधी झाली, हे तहसील किंवा शिधावाटप कार्यालयात जाऊन विचारा. तुमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईचे कार्ड बंद असेल, तर तिच्यासोबत एकदा त्या कार्यालयात जा किंवा १९६७ या क्रमांकावर तिची तक्रार नोंदवून द्या.